स्पीकर जुनेच ठेवायचेत, रिसीव्हर कोणता घेऊ? (६ ओहमचे दोन, ३ ओहमचे पाच)

पडवीकर | शनिवार, ६ ऑगस्ट २०२२, रात्री ११:१२

मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज गरज पडली म्हणून तोंड उघडतोय.

घरात स्पीकरांची दोन बिऱ्हाडं आहेत. पहिलं म्हणजे २००७ साली घेतलेली वॉर्फडेल डायमंड ९.१ ची जोडी. नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून घेतली होती, त्यामुळे "विकून टाका" ही सूचना कृपया कोणी करू नये. पाठीवर लिहिलंय: ६ ओहम, ८६ डेसिबल, २० ते १०० वॅट.

दुसरं बिऱ्हाड एका डब्यातल्या होम थिएटरचं. पाच छोटे स्पीकर आणि एक सबवूफर (खालच्या सुरांचा डबा). त्यातला डीव्हीडी प्लेअर कधीच निजधामाला गेला, स्पीकर मात्र ठणठणीत आहेत. त्यांच्यावर ३ ओहम लिहिलंय आणि वायरींना रंगीत प्लास्टिकच्या टोप्या आहेत.

डायमंड ज्या स्टिरिओ अँप्लिफायरवर चालायचे तो गेल्या महिन्यात डाव्या बाजूने मुका झाला. दुरुस्तीचा खर्च ऐकून म्हटलं, आता एव्ही रिसीव्हरच (टीव्ही आणि सगळे स्पीकर ज्या एका अँप्लिफायरला जोडता येतात तो) घेऊ, सिनेमाही होईल आणि गाणीही. हॉल १६ बाय ११ फूट, सोफा टीव्हीपासून १० फुटांवर. बजेट ५० हजार, थोडं ताणता येईल. गणपतीत पाहुणे येतात, त्याआधी लावायचंय.

दुकानदार म्हणतो स्पीकर १०० वॅटचे आहेत तर बरोबर १०० वॅटचाच रिसीव्हर घ्या, १५० वाला घेतलात तर जळतील. हे खरं आहे का? आणि ते ३ ओहमवाले वापरता येतील का?

---

घणघणाट | ७ ऑगस्ट, सकाळी ८:०५

वॅट जितके जास्त तितकं चांगलं, साधा हिशोब आहे. १७५ वॅट प्रति चॅनेलवाले मिळतात आता. मोठी गाडी घ्यावी आणि हळू चालवावी.

---

उंडगा_उंदीर | ७ ऑगस्ट, सकाळी ८:३१

नव्वदच्या दशकात आमच्या चाळीत एक टेपरेकॉर्डर होता, त्याच्यावर २००० वॅट पीएमपीओ (क्षणभराच्या शिखराचा फुगवलेला आकडा) लिहिलेलं. पाठीमागे वायर मात्र शेव्हिंग मशीनला असते तेवढीच. दोन हजार वॅट असते तर गल्लीचा फ्यूज उडाला असता. तेव्हापासून वॅटचा आकडा दिसला की मी पहिल्यांदा वायरीकडे बघतो.

---

ओहमकार | ७ ऑगस्ट, सकाळी १०:४०

पडवीकर, दुकानदाराचं म्हणणं बाजूला ठेवा. नळाला टाकी हजार लिटरची असली म्हणून तांब्या फुटत नाही. किती सोडायचं ते तुमच्या हातात असतं. स्पीकरवर लिहिलेले १०० वॅट ही त्याची सहनशक्ती आहे, भूक नव्हे. रिसीव्हरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो न फाटता (आवाज चिरका न होता) जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते. हे दोन आकडे जुळवायचे नसतातच.

जुळवायचं ते वेगळं आहे. तुमच्या पाठीवरच्या पट्टीतले पहिले दोन आकडे घ्या.

८६ डेसिबल म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर एवढा आवाज. दर दुप्पट वॅटला ३ डेसिबल वाढतात. म्हणजे २ वॅटला ८९, ४ ला ९२, ८ ला ९५, १६ ला ९८, ३२ ला १०१, ६४ ला १०४. तुम्ही बसता १० फुटांवर, म्हणजे ३ मीटर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरात साडेनऊ डेसिबल घटले असते, पण तुमचे स्पीकर दोन आहेत आणि भिंती थोडा आवाज परत फेकतात. घट साधारण ५ धरू. म्हणजे सोफ्यावर १ वॅटला ८१.

आता सिनेमा बऱ्यापैकी मोठ्याने लावलात तर सोफ्यावर सरासरी ७५ च्या आसपास असतो. म्हणजे किती वॅट झाले? पाव. हो, पाव वॅट. स्फोट झाला, ढोल वाजला की क्षणभर ९५ पर्यंत जाईल, त्याला २५ वॅट लागतील. थिएटरच्या प्रमाणित पातळीला मुख्य चॅनेलची शिखरं १०५ डेसिबलपर्यंत जातात, ती हवी असतील तर २५० वॅट लागतील आणि शेजारी पोलीस बोलावतील ते निराळंच.

८० वॅटचा आणि १०० वॅटचा रिसीव्हर यात फरक किती? १ डेसिबल. डोळे मिटून ऐकलंत तर जेमतेम कळेल. त्या एका डेसिबलसाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजणारे लोक मी पाहिलेत.

---

घणघणाट | ७ ऑगस्ट, सकाळी ११:१५

@ओहमकार, हिशोब छान. पण कमी वॅटचा अँप्लिफायर फाटून ट्वीटर (स्पीकरमधला बारीक सुरांचा भाग) जाळतो हे तर जगजाहीर आहे. म्हणून जास्तच घ्यावा.

---

ओहमकार | ७ ऑगस्ट, दुपारी १२:०२

अर्धं बरोबर. ट्वीटर जळतो तो फाटण्याने नव्हे, उष्णतेने. अँप्लिफायर फाटायला लागला की लहरींचे माथे कापले जातात, वरच्या पट्टीत जास्तीची ऊर्जा येते आणि ती बिचाऱ्या ट्वीटरच्या नशिबी जाते. पण त्यासाठी मुळात तेवढं पिळावं लागतं. दिवाणखान्यात असं पिळणारा माणूस २०० वॅटवरही स्पीकर जाळेल, फक्त जरा वेगळ्या रीतीने. आवाज चिरका झाला की बटण मागे घ्यायचं, एवढंच पथ्य.

आणि ते १७५ वॅट कसे मोजलेत ते खोक्यावर बारीक अक्षरात वाचा. एकच चॅनेल चालू, १ किलोहर्ट्झचा एकच सूर, १० टक्के विकृती (आवाजाची मोडतोड). १० टक्के विकृती म्हणजे गाणं नव्हे, गुळण्या. त्याच रिसीव्हरच्या माहितीपत्रकात दुसरा आकडा असतो: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती, दोन चॅनेल चालू. तिथे ८० लिहिलेलं सापडेल. तोच खरा. दोन रिसीव्हर ताडून बघताना दोघांचेही असेच आकडे घ्या, आणि ओहमही तेच आहेत ना ते पाहा. ६ ओहमवर मोजलेले ८० आणि ८ ओहमवर मोजलेले ८० एक नव्हेत.

---

साळुंकी | ७ ऑगस्ट, दुपारी १:४७

मला वॅट, ओहम काही कळत नाही. मला एवढंच सांगा, हे सगळं केल्यावर संवाद ऐकू येतात का? आमच्याकडे साउंडबार आहे. नायिका काय पुटपुटते ते कळत नाही म्हणून आवाज वाढवावा तर पुढच्या क्षणी ट्रक उलटतो आणि सासूबाई दचकतात. रिमोट माझ्या हातातून सुटत नाही.

---

मंदसप्तक | ७ ऑगस्ट, दुपारी ४:२०

साळुंकी, येतात. पण तो वेगळा विषय, खाली लिहितो.

पडवीकर, मी उलटा प्रश्न विचारतो. गाणी ऐकता की सिनेमे बघता? डायमंड ९.१ सारखी जोडी असेल आणि ७० टक्के गाणी असतील, तर ५० हजारांत चांगला स्टिरिओ अँप्लिफायर घ्या, टीव्हीची ऑप्टिकल वायर त्यात खुपसा आणि शांत बसा. पाच-सात चॅनेल, वायफाय, एचडीएमआय, डॉल्बीचे परवाने हे सगळं त्याच किमतीत बसवायचं म्हणजे कुठेतरी कात्री लागणारच, आणि ती बहुतेक वेळा वीजपुरवठ्याला लागते. हातात उचलून बघा, ट्रान्सफॉर्मर खोटं बोलत नाही.

---

पडवीकर | ७ ऑगस्ट, रात्री ९:५५

ओहमकार, पाव वॅट वाचून बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "मग ५० हजार कशाला?" आता याचं उत्तर माझ्याकडे नाही.

मंदसप्तक, गाणी ४० टक्के, सिनेमे आणि मालिका ६०. घरात कॉलेजातला मुलगा आहे, त्याला मागून आवाज हवाय. त्यामुळे रिसीव्हरच.

आज मल्टिमीटर काढून स्पीकर मोजले. डायमंड: ४.८ आणि ४.९. छोटे पाचही: २.७. सबवूफर: २.६. पाठीवर ६ लिहिलंय आणि येतंय ४.८, म्हणजे स्पीकर खराब झालेत का?

---

ओहमकार | ७ ऑगस्ट, रात्री १०:३८

अगदी तब्येतीत आहेत. मल्टिमीटर दाखवतो तो तारेच्या वेटोळ्याचा डीसी रोध. पाठीवर लिहिलेला असतो तो बदलत्या लहरींना होणारा रोध, आणि तोही प्रत्येक सुराला वेगळा, म्हणून एक ढोबळ आकडा लिहितात. मल्टिमीटरवर त्यापेक्षा थोडं कमीच येतं. दोन्ही डायमंड सारखे आले हे महत्त्वाचं. एक ४.८ आणि दुसरा १२ आला असता, किंवा काहीच आलं नसतं, तर काळजी.

आता ३ ओहमची भानगड. समजा रिसीव्हर २० व्होल्ट देतोय. ८ ओहमच्या स्पीकरमधून अडीच अँपियर जातील, ५० वॅट. ४ ओहममधून ५ अँपियर, १०० वॅट. ३ ओहममधून पावणेसात अँपियर, १३३ वॅट. व्होल्ट तेच, पण रिसीव्हरच्या पोटातल्या ट्रान्झिस्टरना करंट जवळपास तिप्पट पुरवायचाय. बरेचसे घरगुती रिसीव्हर ६ ओहमपर्यंत मोकळेपणाने, ४ पर्यंत कुरकुरत चालतात. ३ वर हळू आवाजात काही होणार नाही, पण गणपतीत पाहुण्यांसमोर बटण फिरवलंत की टक् आवाज होऊन प्रोटेक्शनमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल.

डब्यातल्या होम थिएटरला ३ ओहम चालायचं, कारण त्याचा अँप्लिफायर त्याच स्पीकरांसाठी बेतलेला होता. कमी व्होल्टच्या स्वस्त पुरवठ्यातून जास्त वॅट काढायचे तर स्पीकरचे ओहम कमी ठेवावे लागतात.

पण फेकू नका. उपाय उद्या लिहितो, झोप आली.

---

उंडगा_उंदीर | ७ ऑगस्ट, रात्री १०:४४

मालिकेसारखं ऐन रंगात आल्यावर "उद्या बघा"! हे बरं नव्हे.

---

जर्सीकर | ८ ऑगस्ट, पहाटे ५:३०

इथे अमेरिकेत हे रिसीव्हर सेलमध्ये बरेच स्वस्त असतात. सप्टेंबरात भाऊ येतोय पुण्याला, त्याच्यासोबत पाठवतात लोक. मीही एकदा हा उद्योग केलाय, म्हणून सांगतो: करू नका.

इथलं यंत्र १२० व्होल्टचं असतं आणि मागे बदलायचं बटण नसतं. पुण्याच्या २३० ला थेट लावलंत तर एकदाच वाजेल. मग २३० चे १२० व्होल्ट करणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, किमान ७५०-१००० व्हीएचा, तो दिवसभर घुमतो. वॉरंटी भारतात कोणी विचारत नाही. सामानातले ९-१० किलो गेले ते गेलेच.

आणि सगळ्यात मजेशीर म्हणजे रेडिओ. इथला ट्यूनर ०.२ च्या पायरीने चालतो: १००.९, मग १०१.१. आमच्या आईंना पुण्याची विविध भारती हवी, ती १०१.० वर. रिसीव्हरला ते स्टेशन ठाऊकच नाही. आईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि कपाटावरचा जुना ट्रान्झिस्टर काढला.

---

खारा_वारा | ८ ऑगस्ट, सकाळी ७:५८

रत्नागिरीहून. थोडं अवांतर, पण स्पीकरचंच आहे. वडिलांचे ऐंशीच्या दशकातले उभे स्पीकर माळ्यावर होते. धाग्यामुळे काल खाली काढले. जाळी काढली तर स्पीकरच्या कोनाभोवतीचं (थरथरणाऱ्या पडद्याभोवतीचं) काळं फोमचं कडं बोट लावताच भुकटी होऊन हातात आलं. हेही रिसीव्हरवर चालतील का?

---

ओहमकार | ८ ऑगस्ट, सकाळी ९:२५

खारा_वारा, आधी कडं बदलून घ्या. त्या काळच्या फोमची गतच ती, आणि कोकणातली दमट हवा म्हणजे आगीत तेल. सुट्टी कडी मापाने मिळतात आणि चिकटवणारे कारागीर अजून आहेत; मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा. फुटक्या कड्याने वाजवू नका, वेटोळं वाकडं घासतं आणि मग सगळाच खर्च वाया. कडं रबराचं असेल तर इतकं बिघडत नाही. डायमंडचं रबराचं आहे, म्हणून पडवीकर पंधरा वर्षांनंतरही निवांत आहेत. टर्मिनलवर हिरवट थर आला असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा.

आता पडवीकरांचे ३ ओहमवाले. शाळेत शिकलेलं आठवा: एकापुढे एक जोडले की रोध वाढतो. ३ अधिक ३ म्हणजे ६. डाव्या बाजूला दोन छोटे, उजव्या बाजूला दोन छोटे, प्रत्येक बाजूची जोडी सिरीजमध्ये. रिसीव्हरला वाटेल दोनच सराउंड (बाजूचे-मागचे) स्पीकर आहेत, प्रत्येकी ६ ओहमचे. चारही सारखेच असल्यामुळे व्होल्टही सारखे वाटले जातील.

जोडणी अशी. रिसीव्हरच्या लाल टर्मिनलवरून वायर पहिल्या स्पीकरच्या प्लसला. पहिल्याच्या मायनसवरून दुसऱ्याच्या प्लसला. दुसऱ्याच्या मायनसवरून परत रिसीव्हरच्या काळ्याला. झालं. एक स्पीकर सोफ्याच्या बाजूला, एक थोडा मागे.

ती रंगीत प्लास्टिकची टोपी कापून टाका, वायर अर्धा इंच सोला, पीळ घाला. पट्टा असलेली किंवा वेगळ्या रंगाची तार कुठली ते टोपी कापण्याआधी लिहून ठेवा. पीळ घालताना एखादा केसासारखा धागा बाहेर राहून शेजारच्या टर्मिनलला टेकला तर शॉर्ट. निम्म्या लोकांचे "नवा रिसीव्हर बंद पडतो" हे प्रश्न त्या एका केसाचे असतात.

पाचवा छोटा स्पीकर सेंटरला (टीव्हीपाशी मधोमध) लावायचा मोह होईल. लावू नका. सगळे संवाद तिथूनच येतात, आणि अडीच इंची कोनातून पुरुषाचा आवाज आला की टेलिफोनवर बोलल्यासारखं वाटतं. सेटिंगमध्ये सेंटर "नाही" ठेवा. मधला आवाज दोन डायमंडमध्ये वाटला जातो आणि समोर बसलं तर मधूनच येतो. पुढे-मागे पैसे आले की त्याच मालिकेतला सेंटर शोधा.

सबवूफर मात्र सोडून द्या. तो नुसता डबा आहे, त्याच्यात स्वतःचा अँप्लिफायर नाही. रिसीव्हरच्या सब आउटमधून फक्त सिग्नल येतो, ताकद नाही. वीजेची वायर असलेला सब पुढे घ्या.

---

मंदसप्तक | ८ ऑगस्ट, सकाळी ११:०६

सिरीजची युक्ती चालेल, पण त्या छोट्यांवर खालचे सूर टाकू नका. रिसीव्हरमध्ये प्रत्येक जोडीला वेगळा क्रॉसओव्हर (ज्या सुराखालचं त्या स्पीकरला द्यायचं नाही ती सीमा) ठेवता येतो का ते विकत घेण्याआधी विचारा. डायमंडना ८० हर्ट्झ, छोट्यांना १५० ते २००. सगळ्यांना मिळून एकच आकडा असेल तर पंचाईत होईल.

आणि ६ ओहमचं सेटिंग. काही रिसीव्हरांच्या मेनूत ६ ओहम / ८ ओहम असं निवडायला देतात. ६ केलं की आतला व्होल्टेज उतरतो, यंत्र थंड राहतं, पण ताकदही घटते. मी ते कधीच लावत नाही.

---

ओहमकार | ८ ऑगस्ट, सकाळी ११:३०

मीही लावत नाही, पण माहितीपुस्तकात लावा म्हटलं असेल तर पडवीकरांना "लावू नका" असं मी तरी सांगणार नाही. यंत्र त्यांचं, वॉरंटी त्यांची.

---

घणघणाट | ८ ऑगस्ट, दुपारी १२:१५

माझ्या सात चॅनेलच्या रिसीव्हरच्या पाठीवर आत्ता वाकून बघितलं. वीजवापर: ४३० वॅट. खोक्यावर १७५ गुणिले सात, म्हणजे १२२५. भिंतीतून ४३० घेऊन स्पीकरला १२२५ देतो? काल रात्रीपासून माझी झोप उडवलीत तुम्ही लोकांनी.

---

ओहमकार | ८ ऑगस्ट, दुपारी १२:४९

:) पाठीवरचा आकडाही कमाल नसतो, नेहमीच्या वापराच्या जवळपासचा असतो, क्षणभर त्याहून जास्त खेचतो. पण सातही चॅनेल एकदम भरून वाजवायला तेवढी वीज आणि तेवढा ट्रान्सफॉर्मर आत नाही हे खरं. सिनेमातही सातही चॅनेल एकदम भरून वाजत नाहीत, म्हणून निभतं. तुमचा रिसीव्हर वाईट नाही हो, खोक्यावरची अक्षरं वाईट आहेत.

---

पडवीकर | ९ ऑगस्ट, रात्री १०:२०

आज तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) आणि मग दोन शोरूममध्ये फिरलो. तीन नावं समोर आली.

यामाहा आरएक्स-व्ही३८५: पाच चॅनेल, ७० वॅट (६ ओहम, दोन चॅनेल). स्वस्त.
यामाहा आरएक्स-व्ही४ए: पाच चॅनेल, ८० वॅट (६ ओहम, दोन चॅनेल), ईआर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआय वायरीतूनच रिसीव्हरला आणणाऱ्या आर्कची नवी आवृत्ती), वायफाय.
डेनॉन एव्हीआर-एक्स१७००एच: सात चॅनेल, ८० वॅट (८ ओहम, दोन चॅनेल), छतावरच्या स्पीकरांनाही आवाज देणारं अ‍ॅटमॉस. बजेटच्या बरंच वर, आणि तो म्हणतो थांबावं लागेल.

दुकानदार म्हणाला माल येत नाही, दोन वर्षं हेच चाललंय. बनवाबनवी करतोय की खरं?

---

जर्सीकर | १० ऑगस्ट, पहाटे ४:५०

खरं आहे. कोविडची चिपटंचाई होतीच, त्यात ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओकामधला एकेएम या चिप कंपनीचा कारखाना जळाला. डिजिटलचा आवाज करणाऱ्या डॅक चिप बऱ्याच रिसीव्हर कंपन्या तिथून घ्यायच्या. इथेही फळ्या रिकाम्या होत्या.

---

मंदसप्तक | १० ऑगस्ट, सकाळी ९:१२

छताला स्पीकर लावणार आहात का? नाही ना? मग अ‍ॅटमॉससाठी थांबू नका. तुमच्याकडे पुढे दोन, मागे दोन एवढेच आहेत. सात चॅनेलमधले तीन नुसते आराम करतील.

एक गोष्ट मात्र बघा. या तिन्हींना पुढच्या स्पीकरांचे प्रीआउट (दुसऱ्या अँप्लिफायरला नुसता सिग्नल देणारी भोकं) नाहीत, फक्त सबचे आहेत. उद्या वाटलं की डायमंडना स्वतंत्र स्टिरिओ अँप्लिफायर लावावा, तर दार बंद. ते दार डेनॉनमध्ये एक्स३७००एचला उघडतं, आणि त्याच्या किमतीत तुमचे दोन गणपती होतील. मला ते महत्त्वाचं वाटतं, तुम्हाला कदाचित वाटणार नाही.

टीव्हीला आर्क आहे की ईआर्क?

---

पडवीकर | १० ऑगस्ट, सकाळी ९:४०

टीव्हीच्या तिसऱ्या एचडीएमआयवर नुसतं आर्क लिहिलंय.

---

मंदसप्तक | १० ऑगस्ट, सकाळी १०:०१

पुरे. ओटीटीवरचा डॉल्बी डिजिटल प्लस आर्कमधून येतो. ब्लू-रेचा ट्रूएचडी (दर्जा न घटवलेला आवाज) हवा असेल तर ईआर्क लागतो, नाहीतर प्लेअर सरळ रिसीव्हरला जोडायचा, टीव्ही मध्ये आणायचाच नाही. ऑप्टिकलपेक्षा आर्क बरा. रिमोटही एकच पुरतो.

टीव्ही युनिटची खोली मोजलीत का? रिसीव्हर मॉडेलनुसार साधारण ३१ ते ३८ सेंटिमीटर खोल, त्यामागे एचडीएमआय वायरला वळायला दोन-तीन इंच. आणि वर हवा. बंद कप्प्यात ठेवलात तर आतल्या आत शिजेल.

---

पडवीकर | १० ऑगस्ट, दुपारी १:३३

युनिट १४ इंच. म्हणजे ३५.५ सेंटिमीटर. सुतारकाकांना फोन केलाय, मागची प्लाय कापतो म्हणाले.

---

साळुंकी | १० ऑगस्ट, दुपारी ३:०५

माझा प्रश्न सगळे विसरले. अपेक्षितच होतं.

---

मंदसप्तक | १० ऑगस्ट, संध्याकाळी ६:१८

माफी! साळुंकी, तुमच्या साउंडबारमध्येही 'नाइट मोड' किंवा 'डीआरसी' असं काही असेल. ते चालू करा. मोठे आवाज दाबतं, बारीक आवाज उचलतं. सिनेमाचा आवाज थिएटरसाठी मिसळलेला असतो. घरात आपण तो कमी करतो तेव्हा कुजबुज पंख्याच्या आवाजाखाली जाते. दुसरं, मेनूत सेंटर किंवा व्हॉइस वेगळा वाढवता येत असेल तर २-३ डेसिबल चढवा. आणि साउंडबार टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत ढकललेला असेल तर कडेला ओढा.

---

साळुंकी | १० ऑगस्ट, रात्री ९:२७

आत ढकललेला होता. ओढला. नाइट मोडही सापडला. सासूबाई झोपल्या आहेत आणि मी बघतेय. धन्यवाद, पण हे पहिल्याच दिवशी सांगायचं होतं.

---

पडवीकर | शनिवार, २० ऑगस्ट, रात्री ११:५०

घेतला. व्ही४ए. वृत्तांत देतो.

वायर म्हणून दुकानदार चकचकीत पारदर्शक काहीतरी देत होता. नखाने खरवडलं तर आत चंदेरी. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते परत केलं आणि घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची लवचिक तांब्याची वायर मीटरवर कापून आणली. मागच्या स्पीकरपर्यंत १० मीटर, जाऊन-येऊन २० मीटर, ओहमकारांच्या हिशोबाने पाव ओहम. चालेल म्हणाले.

टोप्या कापल्या, सिरीज जोडली, रिसीव्हरसोबत आलेला मापनाचा माइक सोफ्याच्या मधोमध डोक्याच्या उंचीवर ठेवला. पंखा बंद, सगळ्यांना गप्प केलं. रिसीव्हर सूं-सूं करायला लागला आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. पडद्यावर ई-५, गोंगाट फार. दुसऱ्यांदा केलं तर डब्ल्यू-१, डावा सराउंड उलट्या फेजमध्ये. म्हटलं असं होतंच नाही, मी स्वतः जोडलंय. सोफा ओढून बघितलं तर दोन स्पीकरांमधली मधली वायर मी मायनस ते मायनस लावली होती.

@ओहमकार, तसं असतं तर एक स्पीकर बाहेर ढकलणार आणि दुसरा आत ओढणार ना? मग आवाज येत होता तो कसा?

---

ओहमकार | २१ ऑगस्ट, सकाळी ८:१०

येतो, पण पोकळ. दोघं एकमेकांचे खालचे सूर खातात आणि आवाज नक्की कुठून येतो ते कळत नाही. माइकने पकडलं हे नशीब. कधीकधी भिंतीच्या परतीच्या आवाजाने वायर बरोबर असूनही डब्ल्यू-१ येतो, म्हणून आधी वायर तपासायची आणि ठीक असेल तर सोडून द्यायचं. तुमचं ठीक नव्हतं.

मापन झाल्यावर मेनूत जाऊन क्रॉसओव्हर बघितलात का?

---

पडवीकर | २१ ऑगस्ट, सकाळी १०:२२

बघितला. छोट्यांना त्याने स्वतःच १६० दिलाय. सब नसल्यामुळे डायमंड 'लार्ज' आलेत, म्हणजे खालचे सूरही त्यांच्याकडेच.

काल रात्री आवाज किती होता म्हणून फोनवर डेसिबल मोजणारं अ‍ॅप लावलं. सोफ्यावर ६८-७०. म्हणजे पाव वॅटही नाही! बायकोला पुन्हा दाखवलं नाही.

---

घणघणाट | २१ ऑगस्ट, सकाळी १०:५७

अभिनंदन. पण सब घ्या हो. डायमंडच्या पाच इंची कोनातून ढोल येत नाही, ताशा येतो.

---

पडवीकर | शुक्रवार, २ सप्टेंबर, रात्री ८:१५

घणघणाट, काल पाहुण्यांच्या मुलांनी नेमकं तेच सांगितलं. दिवाळीला बघू.

जुन्या सबवर सध्या गणपतीची समई आणि फुलांची परडी ठेवलीये, उंची बरोबर बसली. पाचवा छोटा स्पीकर कोणाला हवा असेल तर पुण्यात येऊन घेऊन जा, फुकट. ३ ओहम, टोपीसकट.

---

उंडगा_उंदीर | २ सप्टेंबर, रात्री ८:१९

मला हवाय. कशाला ते माहीत नाही.